आवर्तन कधी सुटणार?

भगूरला मामांच्या ओसरीवर मी नकाशा पसरला तेव्हा हस्ताची सर नुकतीच पडून गेली होती. पागोळ्या अजून गळत होत्या. उपग्रहाच्या चित्रावरून छापलेले सहा कागद एकमेकांना चिकटवून मी तो केला होता. नांदगावच्या धरणाच्या पायथ्यापासून दारणासांगवीला गोदावरीत मिळेपर्यंतची दारणा निळ्या पेनानं गिरवली होती. वाटेतले बंधारे तांबड्या रेघांनी आणि मुक्कामाच्या दोन जागा हिरव्या ठिपक्यांनी दाखवल्या होत्या. दोन कनू, चार माणसं, दिवाळीच्या सुट्टीतले तीन दिवस. दिवसा वल्हवायचं, रात्री काठावर तंबू टाकायचा.

मामा पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं होते, त्यातली बरीच कालवा निरीक्षक म्हणून. त्यांनी चष्मा पुसला, नकाशावर बोट ठेवून तो खालून वर असा वाचला आणि विचारलं, "आवर्तन कधी सुटणार, हे विचारलंस का कुणाला?"

नव्हतं विचारलं. शेतीसाठी धरणातून ठरावीक दिवस पाणी सोडतात त्या पाळीला आवर्तन म्हणतात. परतीचा पाऊस कधी जातो ते मी पाहिलं होतं, रात्रीचं तापमान पाहिलं होतं, चंद्र कधी उगवतो तेही पाहिलं होतं. त्या संध्याकाळी आमचं जे बोलणं झालं ते जवळपास तसंच इथे देते आहे. सगळ्यावर आमचं एकमत झालं नाही, अजूनही नाही. पण आपल्या जिल्ह्यात ज्याला कुणाला नदीत होडी घालायची असेल त्यानं दोन्ही बाजू ऐकाव्यात असं मला मनापासून वाटतं.

मी : पाऊस थांबला की नदी ठिकाणावर येईल, असा माझा हिशेब होता. दिवाळीत पाणी नितळ असतं, ऊन सोसवतं, आणि पात्रात पाणीही पुरेसं असतं.

मामा : हा हिशेब पावसाच्या नदीचा झाला. दारणा १९१६ पासून धरणाखाली आहे. हे धरण बांधलंच मुळी खालच्या कालव्यांसाठी. धरणातलं पाणी नदीत सोडायचं, नदीनंच ते नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत वाहून न्यायचं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यानं कोपरगाव, राहात्याकडे वळवायचं. तू जिला नदी म्हणतेस तिला आम्ही कालव्याचा पहिला तुकडा समजत आलो. शंभर वर्षांवर झाली हे चाललंय. म्हणून नोव्हेंबरात आभाळ स्वच्छ असतं, ढगाचं नाव नसतं, आणि संध्याकाळी गुडघ्याला लागणारं पाणी पहाटे छातीला लागतं.

मी : मग हे माझ्या फायद्याचंच आहे की. पावसाचं पाणी कुणाला विचारून येत नाही. धरणाचं पाणी माणूस सोडतो, म्हणजे ते आधी कळू शकतं. कोलाडला कुंडलिकेवर लोक भर उन्हाळ्यात राफ्टिंग करतात ते कशाच्या जोरावर? भिऱ्याच्या वीजघरातून आलेलं पाणी सकाळी सोडतात म्हणून. गावातल्या पोरांना वेळ माहीत असते, राफ्ट तयार असतात. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात गॉली नावाची नदी आहे, तिच्यावर समर्सव्हिल धरण आहे. पुरासाठी जागा करायला ते धरण दर सप्टेंबरात उतरवतात. त्यातले वीस दिवस नदीत उतरणाऱ्यांसाठी ठरवून पाणी सोडायचं, असा तिथे १९८६ मध्ये कायदाच झाला. तारखा आधी जाहीर होतात.

मामा : दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, ती तू सोडून देतेस. कुंडलिकेचं पाणी वीज करून मोकळं झालेलं आहे. त्या अमेरिकेतल्या नदीचं पाणी जागा करायला सोडतात, म्हणजे तेही मोकळंच. दारणेचं पाणी मोकळं नाही. त्यातला थेंबन्‌थेंब कुणाच्या तरी नावावर आहे. चेहेडीला नाशिकरोडचं पिण्याचं पाणी उचलतात. खाली कालव्यावर कांदा आहे, गहू आहे, ऊस आहे. शेतकरी सात नंबरचे फॉर्म भरतात, कालवा सल्लागार समिती बसते, किती आवर्तनं द्यायची ते ठरतं, मग तारीख. ती तारीखसुद्धा बदलते. एखादा अवकाळी पडला की खालून निरोप येतो, आठवडाभर थांबा. ऊन तापलं की निरोप येतो, लवकर सोडा.

मी : म्हणजे अनिश्चित आहे ते माणसांच्या गरजेमुळे.

मामा : गरजेमुळे आणि भांडणामुळे. खाली गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचं विसरू नकोस. २००५ च्या कायद्यानं खोऱ्यात समन्यायी वाटप आलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला की वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. २०२३ साली काय झालं आठवतं? ऑक्टोबरच्या शेवटी ८.६०३ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. त्यात दारणा समूहाच्या वाट्याला २.६४३ टीएमसी होतं, गंगापूर समूहाच्या वाट्याला अर्धा. इकडे नाशिक-नगरमध्ये विरोध, मराठवाड्यात आंदोलनं, कोर्टकचेरी. प्रत्यक्ष पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. त्या महिनाभरात कोणत्या दिवशी दारणेला किती पाणी असेल, हे तुला कोण सांगणार होतं?

हा भाग मला खरंच नवा होता. बातम्या मीही वाचल्या होत्या, पण त्या पाणीवाटपाच्या बातम्या म्हणून. माझ्या तंबूशी त्यांचा संबंध आहे हे डोक्यात आलं नव्हतं. मामांनी नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं गणित मांडलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर. एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी चोवीस तासांत काढायचं तर ११,५७४ क्युसेक लागतात. दारणेचं ते २.६४३ टीएमसी ३,००० क्युसेकनं सोडलं तर दहा दिवस पुरेल. म्हणजे दहा दिवस नदीत रात्रंदिवस तेवढा लोंढा.

मी : तीन हजार क्युसेकला मीही उतरणार नाही. पण दोनशे-चारशे क्युसेक असेल तर? कनूला वीतभर पाणी लागतं. अगदीच कमी असलं तर ती गोट्यांवरून ओढत न्यावी लागते. थोडं आवर्तन असताना उतरणं हेच सगळ्यांत सोयीचं, असं मला वाटतं.

मामा : क्युसेक म्हणजे खोली नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं बसव. तेच चारशे क्युसेक रुंद पात्रात पसरलं तर तुझ्या पोटऱ्या भिजणार नाहीत. खडकाच्या चिंचोळ्या जागेत आलं तर तुला उभं राहू देणार नाही. वर्तमानपत्रात आलेला विसर्गाचा आकडा धरणाच्या दाराशी मोजलेला असतो, तुझ्या होडीखाली नव्हे. तो आकडा तुझ्या जागेवर कसा दिसतो हे तूच शिकायला हवं.

मी : त्याची तयारी केली आहे मी.

मी मोबाईलमधले फोटो काढून दाखवले. जुलैपासून दर वेळी भगूरला आले की मी पुलावर उभी राहून एकाच दगडाचा फोटो काढत होते आणि खाली त्या दिवशीचा धरणाचा विसर्ग लिहीत होते. दगड कधी पूर्ण बुडालेला, कधी त्याच्या कमरेला पाणी, कधी खालची शेवाळाची रेघसुद्धा उघडी. मामा एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिले. मग आत जाऊन आपली जुनी डायरी घेऊन आले. तिच्यातही तेच होतं, फक्त फोटोऐवजी पट्टीवरचे आकडे. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की अख्खं नाशिक दुतोंड्या मारुतीकडे बघतं. पाणी पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून सराफबाजारातला दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतो. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर लोकांच्या लक्षात आहेत ते त्या मारुतीच्या अंगावरच्या उंचीनं. दारणेला असा मारुती नाही. मी माझा दगड धरला होता, एवढंच.

मामा : हे चांगलं केलंस. पण चढणारं पाणी आणि उतरणारं पाणी यांच्यात फरक आहे, तो फोटोत येत नाही. आवर्तनाचं पहिलं पाणी कोरड्या पात्रात येतं ना, तेव्हा ते आधी वाळू पितं, खड्डे भरतं, एकेक बंधारा भरत पुढे सरकतं. त्याच्या तोंडाशी पालापाचोळा, फेस, प्लॅस्टिक असतं. पाण्याचा रंग बदलतो, वास बदलतो. तासाभरात कुठलाही दगड ओळखू येत नाही. अशा चढत्या पाण्यावर होडी घालायची नाही, आकडा कितीही लहान असो.

मी : मान्य. चढतं पाणी नाही. पण आवर्तन सुरू होऊन तीन-चार दिवस झाले, विसर्ग एकाच आकड्यावर स्थिर राहिला, तर?

मामा : तर बंधारे. या तुझ्या तांबड्या रेघा.

इथे मामांचा आवाज खाली आला. पुढचं सगळं ते हळू बोलले आणि मी मध्ये बोलले नाही.

ते म्हणाले, "कोल्हापुरी बंधाऱ्याला ऑक्टोबरात फळ्या टाकतात, तेव्हा वर मैलभर शांत डोह तयार होतो. तुला वाटेल, झकास जागा. डोहातून खाली येताना बंधारा दिसतच नाही. पाण्याची एक सरळ रेघ दिसते, तिच्यापुढे झाडांचे शेंडे. आवाज ऐकू येईस्तोवर ओढ लागलेली असते. आणि बंधाऱ्यावरून पाणी पडतं ते तळाला जातं, वर येतं आणि पुन्हा भिंतीकडेच मागे वळतं. वरून बघणाऱ्याला फेसाचा एक पट्टा दिसतो, फार भीतीदायक वाटत नाही. त्या पट्ट्यात सापडलेलं लाकूड मी दुपारभर तिथल्या तिथे गोल फिरताना पाहिलं आहे. त्या पाण्यात हवा मिसळलेली असते, ते माणसाला नीट तोलून धरत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याला ते बाहेर येऊ देत नाही, आणि जाकीट घातलं म्हणून सोडेल असंही नाही. उंच धबधब्याला लोक घाबरतात. हे कमरेएवढे बंधारे जास्त वाईट. आणि जायकवाडीला पाणी द्यायचं असलं की वाटेत ते अडू नये म्हणून या फळ्या काढतात, काठावरच्या मोटारींची वीज बंद करतात. काल जिथे डोह होता तिथे आज फळ्यांच्या मोकळ्या खाचांतून धार लागलेली असते. तुझा नकाशा रातोरात जुना होतो."

मी : म्हणून प्रत्येक बंधाऱ्याच्या वर होडी काठाला लावायची आणि खांद्यावरून खाली न्यायची. मी दोन रविवार स्कूटरवरून एकेक बंधारा बघून आले आहे. कुठल्या काठानं उतरायचं, कुठे काटेरी बाभळी आहेत, कुठे उसाच्या बांधावरून वाट आहे, सगळं टिपलं आहे. बंधारा दिसायच्या बऱ्याच आधी थांबायची खूण ठरवली आहे. एखादी विहीर, एखादं पंपघर. त्याच्यापुढे एकही वल्हं मारायचं नाही.

मामा : चौघांपैकी एकानं ऐकलं नाही तर?

मी : न ऐकणारा माणूस घेतलेलाच नाही.

मामी चहा घेऊन आल्या आणि नकाशावरच्या हिरव्या ठिपक्यांकडे बघून त्यांनी विचारलं ते आम्हा दोघांच्याही डोक्यात नव्हतं. हा दुसरा ठिपका उसातच आहे की. दारणेच्या काठानं उसात बिबट्या आहे हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे. दिवाळीत ऊसतोड सुरू होते, फड मोकळे होतात, पिलं असलेली मादी जागा बदलत असते, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही तिच्या पाणवठ्यावर कापडाच्या घरात झोपणार? मामींनी दुसरंही विचारलं. मुली आहात, सकाळी कुठे जाणार? आणि ज्याच्या बांधावर झोपणार त्याला विचारलंय का? मी तो ठिपका तिथेच खोडला. आता मुक्काम गावाच्या घाटावरच्या देवळात, पोलीस पाटलांना आधी फोन करून. रात्री नदीकाठच्या एकटेपणाचं जे चित्र माझ्या मनात होतं ते त्यामुळे गेलं. त्याचं वाईट वाटलं. पण मामींचं बरोबर होतं आणि त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

मामा : काठावर झोपायचंच झालं तर पुराची खूण बघायची. बाभळीच्या फांद्यांना अडकलेलं काड-प्लॅस्टिक कुठवर आहे ते बघ, त्याच्यावर झोप. बेटावर कधीच नाही. काठ उंच असला तरी मागून ओढा फिरला असेल तर तीही जागा नाही. पाणी चढलं की आधी ओढ्यात उलटं शिरतं आणि तुझी परतीची वाट तोडतं. संध्याकाळी पाण्याच्या कडेला काठी रोव. रात्री दोनदा उठून बघ.

मी : तुम्ही एवढं सगळं सांगताय ते जायला हरकत नाही म्हणून, की जाऊ नये म्हणून?

मामा : जाऊ नये म्हणून. आवर्तन चालू असताना तर नाहीच. २०१४ च्या ८ जूनला हिमाचलात ब्यास नदीवर काय झालं? हैदराबादची कॉलेजची पोरं सहलीला गेली होती. नदीत पाणी कमी, खडक उघडे, पोरं फोटो काढायला आत गेली. वर लारजी धरणातून पाणी सोडलं. चोवीस मुलं गेली. ती काही धाडसी खेळ करत नव्हती, नुसती उभी होती. ते चित्र आलं टीव्हीवर तेव्हा तुझी मामी रडली होती, मी उठून बाहेर गेलो. कारण पाणी सोडणं म्हणजे काय ते मी आयुष्यभर आतून बघितलेलं आहे. दार उघडणाऱ्याला खालचं माणूस दिसत नाही.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मी जे बोलले ते बरेच दिवस मनात होतं.

मी : त्या मुलांच्या अंगावर पाणी आलं ते त्यांना काही कळलं नाही म्हणून. मग उपाय काय, नदीपासून माणसं लांब ठेवणं, की माणसांना कळवणं? आपण पहिलाच उपाय करत आलो. आज नाशिकमध्ये नदीवर कोण जातं? पर्वणीला स्नानाला, दशक्रियेला, गणपती बोळवायला. सिंहस्थात स्नानासाठी गंगापूरमधून पाणी सोडतात, त्याच्या तारखा घरोघरी माहीत असतात. एरवी नदीकडे कुणाची नजर नसते, म्हणूनच शहराच्या खाली तिचं जे झालंय ते झालंय. मी ही सफर गोदावरीवर ठेवली नाही ती त्यामुळेच. तपोवनाच्या पुढे सांडपाणी आणि पाणवेली, त्यात वल्हं घालवत नाही. मी नदीवर तीन दिवस काढले तर मला तिच्या प्रत्येक वळणाचं माहीत होईल. कुठे गटार मिळतं, कुठे वाळू उपसली आहे, कुठला ओढा जिवंत आहे. पुलावरून जाणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. तुमचा दत्तू भोकनळ बघा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी गावचा, वडिलांबरोबर विहिरी खोदणारा मुलगा. नावेशी गाठ पडली ती लष्करात गेल्यावर, पुण्यात. आणि २०१६ मध्ये रिओच्या ऑलिम्पिकला एकट्याच्या नौकानयनात तेरावा आला. त्याला पाण्यावर जायला गाव सोडावं लागलं. एवढ्या धरणांच्या जिल्ह्यात आपल्या मुलांना पाणी फक्त लांबून बघायला मिळावं?

मामा : भोकनळ शिकला तो देखरेखीखाली, आणि तयार झाला तो साचलेल्या पाण्यावर. तूही तेच कर. धरणाच्या फुगवट्यावर जा, रीतसर परवानगी काढ. पाणी स्थिर, बंधारे नाहीत, सोडण्याचा धोका नाही. वारा सुटला तर काठ गाठायचा, एवढंच सांभाळायचं. कनूच चालवायची आहे ना?

मी : कनू चालवायची नाही मामा, नदीनं जायचं आहे. इथून निघून तिथे पोचायचं आहे. फुगवट्यावर फिरून परत त्याच काठाला येणं वेगळं.

मामांनी मान हलवली, पण नकारार्थी नव्हे. मला वाटतं त्यांना ते पहिल्यांदा कळलं. चौतीस वर्षं त्यांनी पाणी एका जागी उभं राहून मोजलं होतं. पाणी त्यांच्यासमोरून जायचं. पाण्याबरोबर आपण जावं, ही कल्पना त्यांच्या कामात कुठे बसत नव्हती. मी विचारलं, तुम्ही कधी दारणेत होडीत बसलात? ते म्हणाले, पुरात एकदा, लोकांना काढायला, बसलो म्हणण्यासारखं नव्हे.

आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. कुठल्या नदीवरची ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. उन्हाळ्यातलं आवर्तन सुटणार होतं. पात्रात एका बाईनं टरबुजाची वाडी केली होती, नदी आटली की वाळूत करतात तशी. निरोप गावाला गेला होता, चावडीपर्यंत पोचला होता. ती गावात राहत नव्हती, वाडीवरच खोप घालून राहत होती. पाणी पहाटे आलं. ती आणि तिची दोन मुलं वाचली, कारण कुत्रं भुंकायला लागलं. टरबुजं वाहत खाली गेली. मामा सकाळी पाहणीला गेले तेव्हा ती काठावर बसली होती आणि खालच्या गावची पोरं पाण्यातून टरबुजं काढत होती. तिनं मामांना विचारलं, साहेब, माझं काय चुकलं? मामांच्या डायरीत त्या तारखेला फक्त पाण्याची उंची लिहिलेली आहे.

मी : हेच मी म्हणतेय. होडीवाल्यांसाठी नाही, सगळ्यांसाठी. प्रत्येक घाटावर, प्रत्येक बंधाऱ्यावर एक फळा हवा. आज विसर्ग किती, उद्या किती, पाणी इथे साधारण कधी पोचेल. मोबाईलवर येतं ते वाचणारे वेगळे आणि पाण्यात उभे असणारे वेगळे. जाळी टाकणारे भोई, म्हशी घालणारी पोरं, मोटार बसवायला उतरलेला शेतकरी, कपडे धुणाऱ्या बाया.

मामा : हे मात्र मी लिहून देतो. माझी सही घे खाली.

मी : आणि सफर?

मामा : पाणी सुटलेलं असेल तर नाही.

मी : स्थिर असेल तरी?

मामा : तरीही नाही. तुझा-माझा इथे मेळ बसणार नाही.

बसला नाही. पण रात्री जेवणापूर्वी नकाशाच्या पाठीमागे आम्ही दोघांनी मिळून जे लिहिलं ते असं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा बघायचा. तो ६५ टक्क्यांच्या वर असेल तर निम्मी काळजी मिटली. मग समितीची बैठक आणि रब्बीच्या पहिल्या आवर्तनाची तारीख. ती दिवाळीनंतरची निघाली तर भगूरच्या खालच्या टप्प्यात, अडवलेल्या बंधाऱ्यांच्या डोहांतून, होड्या खांद्यावर घेत घेत जायचं. वेळ जास्त लागेल, तीन दिवसांत दारणासांगवी होणार नाही, न होऊ दे. आवर्तन आधीच सुटलं तर नदी सोडून द्यायची आणि परवानगी मिळाली तर फुगवट्यावर जायचं. इगतपुरीकडे ढग दिसले तर कुठेच जायचं नाही. भगूरला ऊन पडलेलं असलं तरी. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात त्याच्या चौथाईइतका. दारणेचं पाणी इगतपुरीच्या आभाळाचं असतं. निघाल्यावरसुद्धा रोज सकाळी आणि संध्याकाळी एक माणूस धरणावर चौकशी करणार, दुसरा मामांना फोन करणार. दोन्ही निरोप जुळले नाहीत तर होडी पाण्यात घालायची नाही. नांदूर मधमेश्वरच्या अभयारण्यात शिरायचंच नाही. ते २०२० मध्ये रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. दिवाळीच्या सुमारास तिथे चक्रवाक, तलवार बदकं, थापट्या उतरायला लागतात. त्यांच्यात वल्हं घेऊन जाण्याचं काही कारण नाही. त्यांना काठावरून बघायचं.

आणि शेवटच्या ओळीत मामांच्या अक्षरात: विसर्ग चालू असता जाऊ नये. त्याच्या शेजारी माझ्या अक्षरात: स्थिर विसर्ग, चौथा दिवस, दगडाची शेवाळरेघ दिसत असल्यास फेरविचार. दोन्ही ओळी तशाच आहेत. मी त्यांची ओळ खोडली नाही, त्यांनी माझी खोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाटावर गेलो. पाणी गढूळ होतं, पण उतरत होतं. माझा दगड खांद्यापर्यंत वर आला होता. मामांनी वहाणा काढल्या, पायरीवर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले आणि काहीच न बोलता बराच वेळ वाहत्या पाण्याकडे बघत राहिले. मी कनूतल्या तिसऱ्या जागेबद्दल विचारलं. त्यांनी ऐकलं, उत्तर दिलं नाही.

खालच्या पायरीवर एक बाई दिवाळीच्या आधीचं धुणं काढून बसली होती. गोधड्यांचा ढीग, धोपटणं, शेजारी लहान मुलगी पाण्यात पाय आपटत होती. मामांना तिनं ओळखलं असावं.

"दादा, पाणी सुटायचंय का हो इतक्यात? या सगळ्या गोधड्या धुवायच्यात अजून. चार दिस लागतील."

मामा उठले. मुलीला हात धरून एक पायरी वर घेतलं.

"विचारून सांगतो," ते म्हणाले. "आजच विचारतो."